नत्रापासून प्रथिनापर्यंत : रानातील व लागवडीच्या खाद्य अळिंबीच्या पोषणमूल्य-मापनाचा इतिहास
(तारोडी व उत्तर कोकण परिसराच्या संदर्भासह)

सारांश

खाद्य अळिंबीतील प्रथिने, तंतुमय पदार्थ, खनिजे व जीवनसत्त्वे यांचे आकडे आज शेतीविषयक पुस्तिकांपासून संशोधनपत्रिकांपर्यंत सर्वत्र आढळतात. हे आकडे अळिंबीचे अंगभूत गुण म्हणून वाचले जातात. प्रत्यक्षात प्रत्येक आकड्यामागे मोजण्याची एक पद्धत असते आणि त्या पद्धतीला स्वतःचा इतिहास असतो. प्रस्तुत शोधनिबंधात या मापनपद्धतींचा उगम, भारतातील अळिंबी लागवडीबरोबर झालेला त्यांचा प्रसार आणि रानातील अळंबीकडे प्रयोगशाळेचे उशिरा वळलेले लक्ष या तीन धाग्यांचा मागोवा घेतला आहे. लागवडीची अळिंबी प्रयोगशाळेतच वाढली, म्हणून ती प्रथम मोजली गेली. रानातील अळंबी मोजण्याआधीच तिच्याविषयी अतिशयोक्ती आणि उपेक्षा अशा दोन्ही टोकांच्या समजुती रूढ झाल्या. या दोन्ही समजुती दूर करण्यासाठी एकाच मोजपट्टीने केलेले मापन आवश्यक आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : अळिंबी, अळंबी, धिंगरी, कच्चे प्रथिन, नत्र, कायटिन, आहारमूल्य कोष्टके, उत्तर कोकण.

१. प्रस्तावना

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिम भागात, डोंगरी आणि उत्तन यांच्या शेजारी तारोडी हे गाव वसले आहे. पश्चिमेस समुद्र आणि उत्तरेस वसईची खाडी असलेल्या या पट्ट्याचे जीवन दीर्घकाळ भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर आधारलेले होते. २००२ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली आणि नागरीकरणाचा वेग वाढला. महानगरपालिकेच्या पूर्व अंगास मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आजही उभे आहेत आणि खाडीपलीकडे वसईपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत आदिवासी वस्तीचा डोंगराळ प्रदेश पसरला आहे.

अळिंबीच्या अभ्यासाच्या दृष्टीने हा भूभाग अर्थपूर्ण आहे. भाताचा पेंढा हे धिंगरी अळिंबीच्या लागवडीचे प्रमुख माध्यम होय आणि तो या किनारपट्टीच्या शेतीचे सहज मिळणारे उत्पादन होते. दुसरीकडे पावसाळ्याच्या आरंभी वारुळांवर उगवणारी रानअळंबी हे डोंगराळ भागातील वारली, कातकरी, मल्हार कोळी आदी समाजांच्या आहाराचे जुने अंग आहे. वसई, विरार, पालघर आणि ठाणे येथील बाजारांत आषाढाच्या सुमारास आदिवासी स्त्रिया ही अळंबी पानांत बांधून विकावयास आणतात. त्याच बाजारात प्लॅस्टिकच्या डबीतील पांढरी बटन अळिंबी बारमाही उपलब्ध असते. एकाच ग्राहकासमोर दोन अळिंब्या येतात. त्यांपैकी एकीचे आहारमूल्य अनेकदा वेष्टनावर छापलेले असते. दुसरीच्या बाबतीत विकणारीचा अनुभव हाच एकमेव आधार असतो.

हा फरक कसा निर्माण झाला, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर दोन अळिंब्यांच्या रासायनिक घटनेत जितके सापडते, त्याहून अधिक ते मापनाच्या इतिहासात सापडते.

२. मापनापूर्वीचा गुणविचार

भारतीय परंपरेत अळिंबीविषयी दोन निरनिराळ्या दृष्टी आढळतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा यांच्याबरोबर कवक म्हणजे अळिंबीही द्विजांसाठी अभक्ष्य ठरविली आहे. येथे विचार शुचितेचा आहे, पोषणाचा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधीत मात्र या वर्गाचा स्वतंत्र विचार केलेला दिसतो. तेथे उद्भिदांचे पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणारे असे पाच प्रकार सांगून प्रत्येकाचे रस, विपाक व दोषांवरील परिणाम वेगळे दिले आहेत.

या वर्गीकरणाचे तत्त्व लक्षणीय आहे. अळिंबीचा गुण ती ज्या आधारावर वाढते त्यावर अवलंबून असतो, असे त्यात गृहीत धरले आहे. आधुनिक रसायनशास्त्राशी त्याची थेट सांगड घालणे योग्य होणार नाही, कारण सुश्रुताचे 'गुण' हे प्रमाण नसून परिणाम आहेत. तरीही आधार बदलला की अन्न बदलते, ही जाणीव पुढे मापनाच्या काळात बराच काळ मागे पडली आणि एका जातीसाठी एकच आकडा देण्याची प्रथा रूढ झाली, हे नमूद करणे आवश्यक आहे.

लोकव्यवहारात अळिंबीची नावे प्रदेशागणिक बदलतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'अळंबें' हा शब्द नोंदला गेला आहे. कोकणात अळंबी, गोव्यात आळमी, पूर्व विदर्भात सात्या ही नावे प्रचलित आहेत. गोव्यातील 'रोण आळमी' या नावात वारुळाचा निर्देश आहे. खाण्यास अयोग्य त्या सर्वांना मात्र 'कुत्र्याची छत्री' या एकाच नावाखाली लोटण्याची रीत सर्वत्र दिसते. कृषी विद्यापीठांच्या प्रकाशनांनी 'अळिंबी' हे रूप प्रमाण मानले आणि त्याला बटन, धिंगरी, भाताच्या काडावरील अशी विशेषणे जोडली. परिणामी 'अळिंबी' हा शब्द लागवडीशी आणि 'अळंबी' हा रानाशी जोडला गेला. प्रस्तुत निबंधातही रानातील जातींसाठी 'अळंबी' आणि लागवडीच्या जातींसाठी, तसेच सामान्य अर्थी 'अळिंबी' असे शब्द योजले आहेत.

३. नावनिश्चिती : मापनाची पूर्वअट

ज्या वस्तूचे नाव निश्चित नाही, तिचे मापन दुसऱ्यास पडताळून पाहता येत नाही. म्हणून पोषणमूल्याच्या इतिहासात वर्गीकरणशास्त्राचा टप्पा आधी येतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी गोळा केलेल्या मुंबई परिसरातील कवकांवर फर्डिनांड थाइसेन यांनी १९११ मध्ये लिहिलेला लेख हा या प्रदेशातील आरंभीच्या नोंदींपैकी एक होय. पुढे १९३१ मध्ये बटलर व बिस्बी यांनी भारतातील कवकांची एकत्रित सूची प्रसिद्ध केली. सहायराम बोस यांनी बंगालमध्ये खाद्य अळिंबीचा अभ्यास केला आणि १९४० मध्ये भारतातील खाद्य जातींचा आढावा प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत झाले. १९४६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तेथून १९८० मध्ये नैर्ऋत्य भारतातील छत्रधारी अळिंबींवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातील जातींचा भाग ए. व्ही. साठे आणि देशपांडे यांनी सिद्ध केला होता.

वारुळावरील अळंबीला शास्त्रीय ओळख मिळण्यासही विसावे शतक उजाडले. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ मध्ये तिच्यासाठी 'टर्मिटोमायसिस' ही प्रजाती स्थापन केली. दक्षिण भारतातील एका जातीस के. नटराजन यांनी १९७९ मध्ये हाइम यांच्या सन्मानार्थ 'टर्मिटोमायसिस हाइमी' असे नाव दिले. ही अळंबी वाळवीच्या विशिष्ट गटाबरोबर सहजीवनात वाढते. वाळवी वारुळात वनस्पतीच्या अवशेषांचा मधपोळ्यासारखा साचा रचते, त्यावर कवकजाल वाढते आणि पावसाच्या आगमनानंतर मुळासारखा लांब देठ जमिनीतून वर येऊन छत्री उमलते. तिचे कवकजाल प्रयोगशाळेत वाढविता येते. परंतु वाळवीशिवाय तिची छत्री व्यापारी पातळीवर पिकविणे अद्याप साध्य झालेले नाही. या एका जैविक वस्तुस्थितीने तिच्या मापनाचे भवितव्य मोठ्या प्रमाणात ठरविले.

४. मोजपट्टीचा जन्म

आजही महाविद्यालयीन प्रयोगशाळांत अळिंबीचे जे 'समीप विश्लेषण' केले जाते, त्याची चौकट १८६० च्या सुमारास जर्मनीतील वेंड येथील कृषी प्रयोग केंद्रात हेनेबर्ग व श्टोमान यांनी घडविली. तिचा हेतू जनावरांच्या वैरणीचे मूल्य ठरविण्याचा होता. या पद्धतीत पदार्थाची आर्द्रता, राख, कच्चे प्रथिन, ईथरमध्ये विरघळणारा स्निग्धांश आणि कच्चे तंतू प्रत्यक्ष मोजतात. उरलेला भाग शंभरातून वजा करून कर्बोदकांच्या नावे मांडतात. स्निग्धांश काढण्यासाठी वापरले जाणारे सॉक्सलेट यांचे उपकरण १८७९ चे आहे.

प्रथिनाच्या मापनाची कळीची पायरी १८८३ मध्ये आली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल यांना मद्यनिर्मितीसाठी लागणाऱ्या धान्यातील प्रथिनांचा अंदाज हवा होता. त्यांनी नमुना संहत गंधकाम्लात उकळून त्यातील नत्राचे अमोनियम क्षारात रूपांतर केले, नंतर अल्कली घालून अमोनिया ऊर्ध्वपातित केला आणि अनुमापनाने त्याचे प्रमाण काढले. म्हणजे मोजला गेला तो नत्र. प्रथिन हे त्यावरून काढलेले अनुमान होते. सर्वसाधारण प्रथिनात सुमारे १६ टक्के नत्र असतो असे धरून नत्राच्या आकड्यास ६.२५ ने गुणण्याची रीत पडली.

धान्याच्या बाबतीत हे अनुमान बरेचसे चालते, कारण धान्यातील बहुतेक नत्र प्रथिनांतच असतो. अळिंबीचे तसे नाही. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. आँरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८११ मध्ये हा पदार्थ प्रथम अळिंबीतूनच वेगळा केला होता. कीटकांच्या कवचातील त्याचा शोध आणि आजचे नाव ही दोन्ही त्यानंतरची आहेत. शुद्ध कायटिनमध्ये सुमारे ६.९ टक्के नत्र असतो. त्यास ६.२५ ने गुणले, तर प्रथिनाचा अंशही नसलेला हा पदार्थ कागदावर सुमारे ४३ टक्के प्रथिन दाखवितो. न्यूक्लिक आम्ले आणि काही जातींमधील युरिया हेही अशाच फसव्या नत्राचे स्रोत आहेत.

ही अडचण ओळखून १९७८ मध्ये क्रिसन व सँड्स यांनी चांग आणि हेज यांनी संपादित केलेल्या खाद्य अळिंबीविषयक ग्रंथात एक दुरुस्ती सुचविली. अळिंबीतील एकूण नत्रापैकी सुमारे ७० टक्केच पचनीय प्रथिनांचा मानावा, म्हणजे गुणक ६.२५ ऐवजी ४.३८ घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा गुणक पुढे बराच स्वीकारला गेला. परंतु जुना गुणक नाहीसा झाला नाही आणि दोन्ही गुणकांनी काढलेले आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी उद्धृत होत राहिले.

या फरकाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वाळविलेल्या अळिंबीच्या १०० ग्रॅम नमुन्यात ४ ग्रॅम नत्र आढळला असे समजू. जुन्या गुणकाने प्रथिन २५ ग्रॅम येते. नव्या गुणकाने १७.५ ग्रॅम. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. त्यामुळे ताटात पडणाऱ्या १०० ग्रॅम ताज्या अळिंबीतून मिळणारे प्रथिन अनुक्रमे २.५ आणि १.७५ ग्रॅम एवढेच भरते. एकाच परीक्षानळीतून निघालेले हे चार आकडे आहेत. त्यांपैकी पहिला घेऊन अळिंबी डाळीच्या तोडीची ठरविता येते आणि शेवटचा घेऊन ती सामान्य भाजी ठरविता येते. डाळ जवळजवळ कोरडी असताना तोलली जाते व अळिंबीचाही कोरडाच आकडा तिच्याशेजारी ठेवला जातो. पण स्वयंपाकघरात अळिंबी येते ती बहुधा ओली, हे भान तुलनेत राहत नाही.

चौकटीतील एक चूक दुसऱ्या रकान्यात कशी सरकते, हेही पाहण्याजोगे आहे. कर्बोदके वजाबाकीने काढली जात असल्यामुळे प्रथिन फुगले की कर्बोदके तेवढीच आटतात. शिवाय अळिंबीच्या बाबतीत 'कर्बोदके' या शीर्षकाखाली ट्रेहॅलोज ही शर्करा व मॅनिटॉल हा शर्कराजन्य अल्कोहोल यांच्याबरोबर न पचणारे ग्लुकानही येतात. शरीरावरील त्यांचे कार्य मात्र सर्वस्वी भिन्न असते.

५. लागवड आणि प्रयोगशाळा

भारतात अळिंबीच्या लागवडीचे आरंभीचे यशस्वी प्रयोग प्रयोगशाळांच्या आवारातच झाले. कोइम्बतूर येथे थॉमस आणि सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये भाताच्या काडावरील अळिंबीची लागवड केली. त्याआधी जर्मनीत फाल्क यांनी १९१७ मध्ये धिंगरीच्या प्रजातीतील अळिंबी लाकडाच्या ओंडक्यांवर वाढविली होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये धिंगरी भाताच्या पेंढ्यावर पिकवून दाखविली. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९६१ पासून बटन अळिंबीच्या लागवडीचा प्रकल्प सुरू झाला. १९८३ मध्ये तेथे राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली आणि त्याच काळात अखिल भारतीय समन्वित अळिंबी सुधार प्रकल्प आकारास आला. पुण्याचे कृषी महाविद्यालय हे या प्रकल्पाचे महाराष्ट्रातील केंद्र होय.

या घटनाक्रमात म्हैसूरच्या कार्याचे महत्त्व विशेष आहे. बानो, श्रीनिवासन व श्रीवास्तव यांनी १९६३ मध्येच धिंगरीच्या प्रथिनातील अमिनो आम्लांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पेंढ्यावरील लागवडीची वार्ता आणि त्या पिकाचे रासायनिक विश्लेषण यांत जेमतेम एक वर्षाचे अंतर होते. पीक, रसायनशाळा व प्रकाशन एकाच छपराखाली असल्यामुळे हे शक्य झाले. शिवाय या अभ्यासाने केवळ एकूण नत्रावर न थांबता प्रथिनाच्या घटकांची दखल घेतली. भातात लायसिन हे अमिनो आम्ल तुलनेने कमी असते. भात हेच मुख्य अन्न असलेल्या प्रदेशात अळिंबीतील लायसिनला म्हणूनच अर्थ प्राप्त होतो. प्रथिन किती, या प्रश्नाबरोबरच ते कोणते, हा प्रश्नही त्यामुळे पुढे आला.

लागवडीच्या अळिंबीत मापनास सोयीच्या सर्व गोष्टी असतात. तिचे बियाणे, म्हणजे स्पॉन, ज्ञात जातीचे असते; माध्यम ठरलेले असते; काढणीचा दिवस माहीत असतो; नमुना वर्षातून कितीही वेळा मिळू शकतो. तरीही 'धिंगरीचे पोषणमूल्य' असा एकच आकडा नसतो. माध्यमातील नत्राचे प्रमाण बदलले की अळिंबीतील नत्रही बदलतो. पेंढा भाताचा की गव्हाचा, त्यात पूरक म्हणून कोंडा मिसळला की नाही, तोड पहिली की तिसरी, यांवर परिणाम अवलंबून राहतो. लागवडीच्या अळिंबीचा आकडा हाही एका विशिष्ट परिस्थितीचाच आकडा असतो.

६. रानातील अळंबी प्रयोगशाळेत

रानातील अळंबीचे विश्लेषण भारतात अगदीच नवे नाही. कोलकात्याचे पुरकायस्थ व चंद्रा यांनी १९७० च्या दशकात खाद्य जातींच्या प्रथिनांचा अभ्यास केला आणि १९८५ मध्ये भारतीय खाद्य अळिंबींची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. या विषयास गती मिळाली ती मात्र एकविसाव्या शतकात. मेघालयातील खासी टेकड्यांमधील रानअळंबींचे पोषणमूल्य अग्रहार-मुरुगकर व सुब्बलक्ष्मी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. मंगळूर विद्यापीठातील के. आर. श्रीधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाट व किनारपट्टीतील जातींचे विश्लेषण कच्च्या व शिजविलेल्या अशा दोन्ही अवस्थांत केले. अळंबी कच्ची खाल्ली जात नाही, हे साधे सत्य या मांडणीमुळे मापनात आले. गोवा विद्यापीठात नंदकुमार कामत यांनी वारुळावरील अळंबीचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि तिच्या संवर्धनाचा प्रश्नही सातत्याने मांडला.

रानातील आणि व्यापारी अळिंबीच्या थेट तुलनेचे बहुचर्चित उदाहरण पोर्तुगालमधील ब्रागांसा येथील आहे. बारोस, फरेरा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रानातील जातींमध्ये प्रथिने व फिनॉलवर्गीय द्रव्ये अधिक, तर स्निग्धांश कमी आढळला. व्यापारी जातींमध्ये शर्करा आणि 'क' जीवनसत्त्व अधिक आढळले. हा निष्कर्ष पुढे 'रानातील ते अधिक पौष्टिक' अशा सूत्ररूपाने फिरू लागला. परंतु तेथे तुलना निरनिराळ्या जातींची होती. रान आणि लागवड हा भेद त्या जातिभेदापासून वेगळा काढता येत नाही. तेथील जाती पश्चिम घाटातील जाती नव्हेत, हेही विसरता येत नाही.

असा भेद वेगळा काढून पाहण्याचे चांगले उदाहरण 'ड' जीवनसत्त्वाचे आहे. अळिंबीत अर्गोस्टेरॉल हे द्रव्य असते. अर्गट या कवकातून ते १८८९ मध्ये शार्ल तान्रे यांनी वेगळे केले. अतिनील किरणांच्या प्रभावाने त्याचे 'ड२' जीवनसत्त्वात रूपांतर होते. या वर्गातील द्रव्यांच्या संशोधनाबद्दल आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या बटन अळिंबीत हे जीवनसत्त्व नगण्य असते. तीच अळिंबी चिरून काही काळ उन्हात ठेवली की त्याचे प्रमाण लक्षणीय वाढते. येथे फरक पडतो तो प्रकाशामुळे. रानातील अळंबी उघड्यावर वाढते आणि गृहिणी तिला उन्हात वाळविते. म्हणून श्रेय द्यावयाचे तर ते रानापेक्षा उन्हास द्यावे लागेल.

रानातील नमुन्यांच्या मापनात आणखी काही अडचणी संभवतात. पहिली मातीची. वारुळातून उपटलेल्या अळंबीच्या लांब देठास माती चिकटलेली असते. ती पूर्ण निघाली नाही, तर राखेचे आणि विशेषतः लोहाचे प्रमाण फुगते. अणुशोषण वर्णपटमापीस देठातील लोह व मातीतील लोह यांत भेद करता येत नाही. दुसरी अवस्थेची. कळी व पूर्ण उमललेली छत्री, टोपी व देठ यांची रासायनिक घटना सारखी नसते. तिसरी अभिक्रियाकाची. फिनॉलवर्गीय द्रव्ये मोजण्यासाठी सर्रास वापरला जाणारा फोलिन-सिओकाल्टो अभिक्रियाक १९२७ मध्ये टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांच्या मापनासाठी तयार करण्यात आला होता. तो प्रथिनांतील घटकांशी तसेच 'क' जीवनसत्त्वाशीही अभिक्रिया करतो. त्यामुळे प्रथिनयुक्त अळिंबीतील 'एकूण फिनॉल' हा आकडा सावधगिरीने वाचावा लागतो.

चौथी अडचण ओळखीची असून ती जिवावर बेतणारी आहे. पोषणमूल्याच्या कोणत्याही चाचणीत विषारीपणा दिसत नाही. प्राणघातक अमॅनिटा जातींतही नत्र, राख आणि तंतू मिळतील. चांदीचा चमचा काळा पडणे किंवा किड्यांनी खाल्लेली असणे यांसारख्या लोककसोट्या विश्वासार्ह नाहीत आणि अमॅनिटातील विष शिजविल्याने नष्ट होत नाही. याउलट वारूळ, ऋतू, देठाची लांबी, गंध अशा अनेक खुणा एकत्र पाहून विशिष्ट ठिकाणची विशिष्ट अळंबी ओळखणाऱ्या आदिवासी स्त्रियांचे ज्ञान हे पिढ्यान्‌पिढ्या पारखलेले आहे. नमुना प्रयोगशाळेत पोहोचतो तो बहुधा त्यांच्याच हातांनी. मात्र तक्त्यात त्या ज्ञानास रकाना नसतो.

७. कोष्टकातील जागा

भारतातील अन्नघटकांच्या अधिकृत कोष्टकांचा आरंभ कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत झाला. डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांची भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यावरील पुस्तिका १९३७ मध्ये निघाली. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलेली कोष्टके अनेक दशके आहारशास्त्राच्या वर्गांत व शासकीय आहारयोजनांत प्रमाण मानली गेली. २०१७ मध्ये टी. लोंगवाह आणि सहकाऱ्यांनी देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ अन्नपदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली.

या नव्या कोष्टकांत अळिंबीस स्वतंत्र गट मिळाला, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु त्यात नोंदी आहेत त्या बटन, चिकन मशरूम, शिताके आणि वाळविलेली धिंगरी या चारच. कोकण, गोवा व विदर्भ येथे दर पावसाळ्यात खाल्ल्या जाणाऱ्या वारुळावरील अळंबीची नोंद त्यांत नाही. जी बाजारात बारमाही मिळते तिचा नमुना घेणे सोपे असते; जी काही आठवडेच उगवते आणि डोंगराळ पाड्यांवर खाल्ली जाते तिचा नमुना निसटतो. ही उणीव कोणा एका संशोधकाची नाही. बाजारपेठेच्या आधारे नमुने निवडण्याच्या पद्धतीतच ती दडलेली आहे.

या उणिवेचे परिणाम केवळ ग्रंथापुरते मर्यादित नाहीत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कुपोषणाचा प्रश्न राज्यासमोर आणला. २०१४ मध्ये पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यानंतरही तो प्रश्न संपला नाही. आदिवासी कुटुंबाचा आहार मोजताना कोष्टकात नसलेले अन्न एक तर वगळले जाते किंवा त्याच्या जागी जवळच्या एखाद्या पदार्थाचा आकडा भरला जातो. वारुळावरील अळंबीच्या जागी बटन अळिंबीचा आकडा भरणे म्हणजे एका अन्नाचे दुसऱ्याच्या नावे मोजमाप करणे होय. जेथे रानभाज्या, कंद व अळंबी यांचा आधार पावसाळ्यातील टंचाईच्या दिवसांत घेतला जातो, तेथे आहाराचे चित्र त्यामुळे अपुरे राहते.

कायद्याच्या भाषेतही अशीच पोकळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातील गौण वनोपजाची व्याख्या 'वनस्पतिजन्य' उत्पादनांची आहे. तिच्या यादीत बांबू, मध, तेंदूपान, कंदमुळे यांचा उल्लेख आहे, अळंबीचा नाही. जीवशास्त्राने कवकांना वनस्पतींपासून वेगळ्या सृष्टीचा दर्जा १९६९ मधील व्हिटेकर यांच्या वर्गीकरणापासून दिलेला आहे. व्याख्या समावेशक असल्यामुळे व्यवहारात अडचण येईलच असे नाही. पण नामोल्लेखाचा अभाव बोलका आहे.

याबरोबरच दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही टाळावयास हवी. वर दिलेल्या उदाहरणानुसार ताज्या अळंबीच्या १०० ग्रॅममधून मिळणारे प्रथिन दोन ग्रॅमच्या आसपास भरते. काही आठवड्यांच्या हंगामात मिळणारे असे अन्न कुपोषणावरचा उपाय ठरू शकत नाही आणि डाळ, अंडी किंवा मासळी यांची जागा घेऊ शकत नाही. भाताबरोबरच्या आहारास विविधता, चव, काही खनिजे व काही आवश्यक अमिनो आम्ले पुरविणे हे तिचे खरे स्थान आहे. हे स्थान लहान असले तरी खरे आहे आणि ते खऱ्या आकड्यानेच सिद्ध होऊ शकते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अळिंबीच्या प्रथिनाचा आकडा हा नत्राच्या मापनावरून काढलेले अनुमान आहे. वैरण व धान्य यांच्यासाठी घडलेली मोजपट्टी अळिंबीस लावताना कायटिनमुळे ती चुकते. गुणक कोणता आणि वजन ओले की कोरडे, हे सांगितल्याशिवाय दिलेला आकडा अर्थहीन ठरतो. दुसरी, लागवडीची अळिंबी आधी आणि रानातील नंतर मोजली गेली याचे कारण पोषणमूल्यात नसून प्रयोगशाळा, बियाणे व बाजार यांच्या सान्निध्यात आहे. तिसरी, 'रानातील श्रेष्ठ' किंवा 'लागवडीची श्रेष्ठ' अशी सरसकट विधाने जाती, माध्यम, प्रकाश आणि अवस्था यांचे परिणाम एकत्र गुंफतात. हे परिणाम सुटे केल्यावरच तुलना ग्राह्य ठरते.

उत्तर कोकणातील महाविद्यालयांना या क्षेत्रात करण्याजोगे काम आहे. तारोडीसारख्या किनारपट्टीच्या गावांपासून जव्हारच्या पाड्यांपर्यंतचा प्रदेश एका दिवसाच्या प्रवासात सामावतो. केल्डाल पद्धतीस लागणारी साधने रसायनशास्त्राच्या अनेक विभागांत उपलब्ध असतात. वारुळावरील अळंबी आणि पेंढ्यावरील धिंगरी यांचे नमुने एकाच हंगामात, माती पूर्ण धुऊन, एकाच गुणकाने, कच्चे व शिजविलेले असे मोजले गेले आणि त्याबरोबर नमुना ओळखणाऱ्या स्त्रियांच्या खुणा व स्थानिक नावे नोंदविली गेली, तर राष्ट्रीय कोष्टकातील एक रिकामी ओळ भरण्याइतकी सामग्री जमा होऊ शकेल. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, गृहविज्ञान, मराठी आणि इतिहास या विभागांना एकत्र आणणारा असा विषय क्वचितच मिळतो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून नमुने घेण्यास कायद्याने मज्जाव आहे, याचे भान ठेवून आणि गोळा करणाऱ्या समाजाच्या संमतीने हे काम होणे मात्र अगत्याचे आहे.